प्रेक्षकाचा पक्ष

क्रीडेचा इतिहास लिहिणारे बहुधा खेळाडूंचा इतिहास लिहितात. कोणी किती धावा काढल्या, कोणी कोणाला अस्मान दाखविले, कोणत्या वर्षी करंडक कोणाच्या हाती गेला, याची नोंद राहते. मैदानाच्या कडेला उन्हात बसून ज्याने घसा कोरडा केला, त्या प्रेक्षकाची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो. वास्तविक सामन्याला रंग चढतो तो त्याच्याच पक्षपाताने. न्यायाधीशाने पक्षपात केला तर तो दोष, आणि वकिलाने अशिलाचा पक्ष घेतला तर तो त्याचा धर्म. प्रेक्षकाची स्थिती या दोहोंहून निराळी. त्याला कोणी वकीलपत्र दिलेले नसते, तरी तो प्राणपणाने एक बाजू लढवीत असतो. ही बाजू तो कशावरून निवडतो? धर्मावरून, जातीवरून, भाषेवरून, की गावावरून? प्रश्न वरवर खेळाचा दिसतो. परंतु ‘आपले’ म्हणजे कोण, हा त्याचा गाभा आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास माळव्यातील सिमरोल हे ठिकाण मोठे सोयीचे आहे. इंदूरहून खांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महू तहसिलीत हे गाव वसले आहे. ओंकारेश्वराच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू येथूनच पुढे घाट उतरून नर्मदेकडे जातात. अलीकडे इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेमुळे गावाचे नाव दूरवर पोहोचले. परंतु क्रीडारसिकाच्या दृष्टीने सिमरोलचे भाग्य निराळेच आहे. एका अंगाला होळकरांची राजधानी इंदूर, म्हणजे क्रिकेटचे माहेरघर. दुसऱ्या अंगाला महूची छावणी, म्हणजे हॉकीची खाण. आणि खेड्यापाड्यांतून कुस्तीचे आखाडे. तीन खेळांचे तीन अभिमान या टापूतल्या माणसाच्या वाट्यास सहज आले.

त्यांतील कुस्तीचा अभिमान सर्वांत जुना व सर्वांत सरळ. आपल्याकडच्या देवांच्या जत्रांतून कुस्त्यांचा फड लागतो, नारळावरच्या लहान जोडीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत चढत्या क्रमाने जोडी लावल्या जातात, आणि प्रेक्षक आपल्या गावच्या किंवा तालमीच्या मल्लाचा पक्ष घेतो. कोल्हापुरास शाहू महाराजांनी खासबागेचे प्रचंड मैदान बांधले, तेथेही हीच रीत चालली. मातीत दोघेच उतरतात. निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो. येथे ‘आपला’ म्हणजे कोण, हे ठरविण्यास फारसा विचार लागत नाही.

हॉकीत हा प्रश्न अधिक अवघड झाला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या चमूने ब्रिटनचा ४-० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. त्या चमूचे कर्णधार किशनलाल हे महूचे. कालपर्यंत ज्यांचे राज्य होते त्यांना त्यांच्याच राजधानीत हरविणाऱ्या कर्णधाराचे नाव छावणीच्या गावात कोणत्या अभिमानाने घेतले गेले असेल, हे सांगावयास नको. पुढे महूनेच शंकर लक्ष्मण हा गोलरक्षक दिला. १९५६, १९६० व १९६४ या तिन्ही ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत भारतापुढे पाकिस्तानच उभे होते. मेलबर्नला भारत एका गोलने जिंकला, रोमला एका गोलने हरला, आणि टोकियोला पुन्हा एका गोलने जिंकला. तीन सामन्यांत मिळून गोल अवघे तीन! एवढी अटीतटीची स्पर्धा क्रीडेच्या इतिहासात विरळाच.

परंतु या वैराच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे. १९४८ साली किशनलालांच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय चमूत लतीफ-उर-रहमान व अख्तर हुसेन हे दोघे होते. फाळणीनंतर ते सीमेपलीकडे गेले, आणि १९५६ साली शंकर लक्ष्मण भारताचा गोल राखीत असताना हे दोघे पाकिस्तानच्या चमूत होते. ज्यांच्या नावाने जयघोष केला तेच आठ वर्षांत प्रतिस्पर्धी झाले. प्रेक्षकाने मनाची समजूत कशी घालावी? प्रतिस्पर्धी म्हणजे शत्रू, अशी ज्याची व्याख्या असेल, त्याला येथे उत्तर सापडणार नाही.

आता क्रिकेटकडे वळू. कारण ‘आपले’ कोण याचा खरा कस तेथेच लागला. मुंबईत १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने होत. १९०७ साली हिंदू त्यांत आले, १९१२ साली मुसलमान आले, आणि १९३७ साली ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ येऊन पंचरंगी सामन्यांची रचना पुरी झाली. संघ धर्मावरून पडलेले, म्हणून प्रेक्षकांचे पक्षही धर्मावरूनच पडत. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबई जिमखान्यावर हिंदूंच्या वतीने सी. के. नायडू यांनी गिलिगनच्या इंग्लिश संघाविरुद्ध ११ षट्कारांसह १५३ धावा काढल्या. त्या खेळीने हिंदू प्रेक्षकाची मान ताठ झाली, आणि त्यात काही गैर नव्हते.

गैर होते ते दुसरेच, आणि आपण हिंदू वाचकांनी ते स्वच्छपणे पाहिले पाहिजे. हिंदूंच्या विजयाचा पाया ज्यांच्या गोलंदाजीने घातला, ते पळवणकर बाळू चर्मकार कुटुंबातले. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना याच बाळूंना इतरांपासून दूर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा दिला जाई. त्यांच्या हातचा चेंडू घ्यावयाचा, त्यांनी मिळविलेला विजय घ्यावयाचा, आणि त्यांच्या पंक्तीस मात्र बसावयाचे नाही! हिंदूंचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी स्पर्धा जिंकली. सिमरोलच्या शेजारचे महू हे डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान, त्या भूमीवरून या इतिहासाकडे पाहताना त्याचा अर्थ अधिकच खोल होतो. दुसऱ्या पक्षाशी चुरस करण्यापूर्वी आपल्या पक्षात आपण कोणाकोणाला घेतो, हे पाहणे प्राप्त आहे.

धर्मावरून पक्ष ठरविणे किती अपुरे पडते, हे १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियमवर दिसले. अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. ‘इतर’ संघाच्या दुसऱ्या डावात एकूण धावा ३८७ झाल्या, आणि त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. सामना हिंदूंनी डावाने जिंकला. लोकांच्या स्मरणात राहिले ते मात्र पराभूताचे त्रिशतक. मर्चंट हिंदू, पण गुजराती. हजारे ख्रिस्ती, पण सांगलीचे मराठी. मुंबईतल्या मराठी हिंदू प्रेक्षकाने कोणाला आपले म्हणावे? धर्म एका बाजूस ओढतो, भाषा दुसऱ्या बाजूस. कोकणी भाषेची लेकरे देवळातही आहेत आणि चर्चमध्येही. त्यामुळे या पत्राच्या वाचकांना ही ओढाताण परकी वाटू नये. गांधीजींनी १९४० च्या डिसेंबरातच अशा जातीय सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली होती. १९४५-४६ च्या हंगामानंतर ते कायमचे बंद झाले.

याच काळात इंदुरास निराळा प्रयोग चालू होता. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२३ साली नायडूंना नागपुराहून आणून होळकरांच्या सैन्यात मानाची जागा दिली. नायडूंनी इंदूरच्या मुश्ताक अली या मुलाचे गुण हेरले आणि त्याला घडविले. मुंबईच्या सामन्यांत नायडू हिंदूंकडून आणि मुश्ताक मुसलमानांकडून खेळत. गुरू व शिष्य प्रतिपक्षी होत. परंतु रणजी करंडकाच्या सामन्यांत दोघे होळकर संघाच्या एकाच टोपीखाली येत. यशवंतराव होळकरांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या या संघात नायडू, मुश्ताक, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड असे नाना कुळांचे व नाना भाषांचे खेळाडू होते. मुंबईत धर्मावरून जे दोन तट पडत, त्यांचा इंदुरात एकच तट झाला.

या संघाचा पराक्रमही तसाच. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत तो १० वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि नायडूंच्या नेतृत्वाखाली चार वेळा विजयी झाला. १९४५-४६ साली म्हैसूरविरुद्ध त्याने ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांची शतके झाली. पराभवही लहानसहान नव्हते. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या हजारे व गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली आणि होळकरांचा डाव व ४०९ धावांनी पराभव झाला.

परंतु होळकरांचे खरे वैर मुंबईशी. १९४४-४५ चा अंतिम सामना तर अद्भुतच म्हटला पाहिजे. महायुद्धामुळे महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्या सामन्यात होळकरांकडून खेळला. मुंबईने जिंकण्यास ८६७ धावांचे लक्ष्य ठेवले. मुश्ताकने दोन्ही डावांत शतके काढली, कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला, तरी होळकर ४९२ धावांवर आटोपले आणि ३७४ धावांनी हरले. इंदूरचा प्रेक्षक त्या दिवशी एका इंग्रज सैनिकाच्या यशासाठी देव पाण्यात घालून बसला असेल, आणि त्यात त्याला विसंगती वाटली नसेल. पुढे १९४७-४८ साली अंतिम सामन्यात मुंबईचा पराभव करून होळकरांनी उट्टे काढले.

येथे माळव्यातल्या मराठी माणसाची स्थिती विचार करण्यासारखी होती. पिढ्यानपिढ्या होळकरशाहीत नांदलेल्या या कुटुंबांचे गणगोत पुण्यामुंबईस, देवके कोकणात किंवा देशावर, घरात बोली मराठी आणि बाजारात माळवी. मुंबई व होळकर यांची गाठ पडली म्हणजे त्याने कोणाकडे असावे? भाषा आणि भूमी यांची अशी फारकत ज्याच्या वाट्यास येते, त्याची निष्ठा दुबळी होते असा समज आहे. मला तो मान्य नाही. ज्या भूमीचे पाणी प्यालो तिचा पक्ष घ्यावा, आणि प्रतिपक्षात आपलेच भाऊबंद आहेत हे विसरू नये, ही शिकवण त्याला परिस्थितीनेच दिली. उलट बाजूच्या वकिलाशी दिवसभर कडाक्याचा वाद घालून संध्याकाळी त्याच्यासमवेत चहा घेण्याची रीत आम्ही न्यायालयात पाळतो. तिने अशिलाचे नुकसान होत नाही, आणि वादही सौम्य होत नाही.

प्रेक्षकाची निष्ठा भूमीच्याही पलीकडे जाऊ शकते. १९४५-४६ साली कलकत्त्यास मुश्ताक अलींना संघातून वगळले, तेव्हा तेथील जनता ‘नो मुश्ताक, नो टेस्ट’ अशा गर्जना करीत उठली आणि निवड समितीला तिच्यापुढे नमावे लागले. ज्याच्यासाठी कलकत्ता उठले तो इंदूरचा, तोही मुसलमान, आणि काळ कोणता? पुढच्याच ऑगस्टमध्ये त्याच नगरात भीषण दंगल उसळली. त्या रक्तपातापूर्वी काही महिने त्याच रस्त्यांवर लोकांनी खेळाडूचा धर्म विचारला नव्हता, ही साक्ष इतिहासाने विसरू नये.

होळकरांचे राज्य १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले. संघ काही वर्षे टिकला. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात मद्रासकडून हरून तोही काळाच्या पडद्याआड गेला. मध्य प्रदेशाच्या नव्या संघास करंडकासाठी फार दीर्घ काळ वाट पाहावी लागली. १९९८-९९ साली चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली तो अंतिम सामन्यात पोहोचला आणि बंगळुरास कर्नाटकाकडून हरला. २०२२ च्या जूनमध्ये त्याच मैदानावर, त्याच पंडितांच्या मार्गदर्शनाखाली, मध्य प्रदेशाने अंतिम सामना सहा गडी राखून जिंकला. इंदूरच्या रजत पाटीदारने त्यात १२२ धावा काढल्या. प्रतिपक्ष होता ४१ वेळा करंडक जिंकणारा मुंबईचा संघ, आणि त्याला हरविण्याची विद्या शिकविणारे पंडित हे स्वतः मुंबईचे!

होळकर संघाच्या पहिल्या विजेतेपदापासून या विजयापर्यंत पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. या अवधीत माळव्यातल्या प्रेक्षकाने राजा बदललेला पाहिला, राज्य बदललेले पाहिले, कालचा सहकारी आजचा प्रतिस्पर्धी आणि कालचा प्रतिस्पर्धी आजचा गुरू झालेला पाहिला. त्याने पक्ष घेणे सोडले नाही, आणि सोडूही नये; निःपक्षपाती प्रेक्षक म्हणजे भूक नसलेला पाहुणा. मात्र पक्ष घेताना दोन पथ्ये पाळावी. आपल्या पंक्तीत जागा मिळावयास हवी असा कोणी दाराबाहेर तर उभा नाही ना, हे आधी पाहावे. आणि समोरच्या बाजूने उत्तम खेळ केला तर टाळी वाजविण्यास हात आखडू नये. देवळाच्या जत्रेत निकाली कुस्ती झाल्यावर जिंकलेला मल्ल हरलेल्याला हात देऊन उठवितो आणि दोघेही मातीला नमस्कार करतात. पक्ष कितीही असोत, माती एकच असते.