वृद्धशुश्रूषा आणि परिचारिकेचे समाधान

वृद्धांच्या शुश्रूषेत परिचारिकेला समाधान कशाने लाभते, याचे उत्तर बहुधा वेतनात अथवा सेवावृत्तीत शोधले जाते. इतिहास तिसऱ्याच कारणाकडे बोट दाखवितो. १९३५ साली लंडनजवळील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या दरिद्रालयाचे रुग्णगृह आले. तेथील सुमारे ७०० रुग्णांपैकी अनेक वृद्ध असाध्य समजले जाऊन अंथरुणास खिळले होते. अशा कक्षात परिचारिकेच्या वाट्यास उचलणे, पुसणे आणि अंताची वाट पाहणे एवढेच येई. डॉ. मार्जरी वॉरेन यांनी प्रत्येकाची नव्याने तपासणी केली, वर्गीकरण केले आणि रुग्णास उठविणे-चालविणे हाच उपचार मानला. कित्येक जण घरी परतले. पुढे १९६२ साली डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसह केलेल्या संशोधनातून शय्याव्रणाचा धोका आधीच ओळखण्याचे गुणांकन पुढे आले. श्रम उरले, परंतु त्यांचे फळ दिसू लागले. परिचारिकेच्या निरीक्षणास शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. ‘परिचर्या’ शब्दातील ‘चर्’ धातूचा अर्थ चालणे, वावरणे असा आहे. रुग्ण जागचा हलूच नये अशी व्यवस्था असेल, तर त्याच्याभोवतीचे हे वावरणे निष्फळ वाटावे, यात परिचारिकेचा दोष तो कोणता?