फलन-मूल्यांचे हस्तांतरण

संगणकाच्या आज्ञावलीतील एक भाग दुसऱ्या भागास, म्हणजे फलनास, जी मूल्ये पुरवितो ती देण्याची पद्धत. मूल्याची प्रत द्यावी, त्याचा पत्ता द्यावा की मूळ मूल्यच सुपूर्द करावे, हा यातील मुख्य प्रश्न होय.

फोर्ट्रानच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९५८) स्वतंत्र उपआज्ञावल्यांची सोय झाली. त्यांना सामान्यतः पत्ता दिला जाई. त्यामुळे मूळ मूल्य बदलू शके. अल्गॉल ६० या भाषेने ‘मूल्याने’ व ‘नावाने’ अशा दोन पद्धती स्पष्टपणे वेगळ्या केल्या. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत विकसित केलेल्या सी भाषेत फलनास प्रत मिळते. मूळ वस्तूवर काम करावयाचे असल्यास तिचा पत्ता द्यावा लागतो. परंतु त्या पत्त्यावरील स्मृती अखेर कोणी मोकळी करावयाची, हे भाषा ठरवीत नाही. ती कोणीच मोकळी न केल्यास स्मृतीची गळती होते. दोघांनी केल्यास आज्ञावलीच बिघडते.

ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रप यांच्या सी++ भाषेत प्रत कशी करावी हे प्रत्येक प्रकारासाठी ठरविता येते. तथापि दहा लाख घटकांच्या सूचीची प्रत करताना सर्व घटक पुन्हा लिहावे लागतात. १९९८ च्या मानकातील ‘ऑटो-पॉइंटर’ प्रत करताना मूळ वस्तू रिकामी करी. दिसावयास प्रत, प्रत्यक्षात स्थानांतर, अशी ही रचना फसवी ठरली. हॉवर्ड हिनंट, पीटर डिमॉव्ह व डेव्ह एब्राहम्स यांनी २००२ मध्ये स्थानांतराची वेगळी सोय सुचविली; ती २०११ च्या मानकात समाविष्ट झाली. तीनुसार सूचीचे घटक जागचे न हलविता केवळ त्यांचा पत्ता व आकारमान नव्या धन्याकडे जाते. मात्र रिकामी झालेली मूळ वस्तू पुन्हा वापरण्यास कंपाइलर हरकत घेत नाही.

ही उणीव रस्ट भाषेने (पहिली स्थिर आवृत्ती २०१५) दूर केली. तीत स्थानांतर हाच सामान्य नियम असून पूर्णांकासारख्या साध्या मूल्यांचीच आपोआप प्रत होते. दिलेले मूल्य पुन्हा वापरल्यास कंपाइलर आज्ञावली नाकारतो. तात्पुरत्या वापरासाठी ते उसने देता येते.

हा प्रश्न केवळ वेगाचा नाही. आपल्या प्रणालींतील सुमारे ७०% सुरक्षा-दोष स्मृतीच्या चुकीच्या हाताळणीतून उद्‌भवतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले. स्मृतीचे स्वामित्व कोणाचे, हे प्रोग्रामरच्या सावधगिरीवर न सोडता भाषेच्या नियमांत आणणे, हे या विकासाचे महत्त्वाचे फलित होय.