पॅनिक अटॅक : झटके थांबले तरी भीती का राहते?

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात उभे असताना अचानक छाती धडधडू लागली, घाम फुटला, हातापायाला मुंग्या आल्या, आता मरतोच असं वाटलं, तर तुम्ही काय कराल? गाडी करून जालन्याला जाल, ईसीजी काढाल. (पहिल्या वेळी तो काढायलाच हवा.) ईसीजी नॉर्मल येतो. "टेन्शन घेऊ नका" ऐकून घरी येता, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच!

या आजाराला 'पॅनिक डिसऑर्डर' म्हणून स्वतंत्र जागा अमेरिकेच्या निदानसूचीत १९८० मध्ये मिळाली. गोष्ट मात्र १९५९ पासूनची आहे. न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये डॉ. डोनाल्ड क्लाइन यांनी अशा रुग्णांना इमिप्रामिन हे तेव्हा नवीन असलेलं औषध दिलं. काही आठवड्यांनी रुग्ण म्हणाला, फरक नाही. डॉक्टरांनाही तसंच वाटलं. वॉर्डातल्या परिचारिकेच्या मात्र लक्षात आलं, की हा आता "मी मरतोय" म्हणत आमच्याकडे धावत येत नाही. म्हणजे झटके थांबले होते. पण पुन्हा झटका येईल ही भीती तशीच होती, एकट्याने बाहेर पडायला तो अजूनही घाबरत होता.

ही उरलेली भीती गोळीने सहसा जात नाही. १९८६ मध्ये ब्रिटनचे डेव्हिड क्लार्क यांनी तिचं चक्र मांडलं. छाती धडधडते, मन 'हार्ट अटॅक' असा अर्थ लावतं, त्या भीतीने धडधड आणखी वाढते. थेरपीत हा अर्थ तपासतात, आणि टाळलेल्या बाजारात, एसटीत हळूहळू परत जायला शिकवतात.

आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी १९६० च्या दशकातच पातंजल योगातील आसन, प्राणायाम आणि ध्यानावर आधारित उपचार मनोविकारांसाठी वापरून पाहिले होते. त्याची आठवण फार कमी जणांना आहे.

मग दोन्ही एकत्र घ्यावं का? २००० साली डेव्हिड बार्लो यांनी ३१२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार सुरू असताना, विशेषतः पुढच्या काही महिन्यांत, इमिप्रामिन आणि थेरपी एकत्र घेणाऱ्यांना जास्त फायदा दिसला. सगळे उपचार बंद केल्यावर मात्र औषधाशिवाय थेरपी घेतलेल्यांचा फायदा जास्त टिकला. म्हणून मी गोळी देताना थेरपीही सुरू करायला सांगतो.

आज इमिप्रामिनऐवजी बहुधा एसएसआरआय गटाची गोळी देतात. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका. जवळ थेरपिस्ट नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं, रात्री दोनलासुद्धा.