पेटी, सारंगी, तबला: एका तिकडीची कुळकथा

वऱ्हाडात, रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात हरिनाम सप्ताह बसला की मांडवात आधी जागा धरतात ती पेटी आणि मृदंग. टाळकरी मागून येतात, कीर्तनकार महाराज त्याहून मागून. पेटीवाला भात्याची कडी काढून काळी चार दाबून ठेवतो. मृदंगवाला धुमेला कणीक थापतो, शाईच्या पुडीवर बोट मारून ऐकतो, हातोडीने गठ्ठा थोडा खाली घेतो, पुन्हा ऐकतो. दोघांचं जुळलं की माइकवाल्याला हाक जाते. हे इतकं अंगवळणी पडलंय की पेटी तुकोबांच्या काळापासून मांडवातच होती, असं कुणालाही वाटावं. वीणा, मृदंग आणि टाळ ही तिथली जुनी मंडळी. पेटी मात्र त्यांच्यात मागून शिरलेली पाहुणी, आणि तिला गावोगाव पोचवण्यात संगीत नाटकाचा हात मोठा.

तिचं माहेर पॅरिस. अलेक्झांडर देबेन या कारागिराने १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हार्मोनियम’ या नावाने तिचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ पेढीने तिला मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातभात्याची केली. यात एक हात भात्यात अडकला. पण आपल्याकडे दोन्ही हातांनी वेगवेगळे सूर लावायचेच नव्हते, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि मराठी माणसाला नाटकातल्या गाण्याचं वेड लागलं. गाण्याची खरी साथ तेव्हा सारंगी-तबल्याची. सारंगी गळ्याच्या सगळ्यात जवळची: तार बोटाच्या पेराने नव्हे, नखाच्या मुळाशी बाजूने दाबायची, म्हणून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कशी लोण्यासारखी निघते. पण तिच्या मुख्य तारा तातीच्या, खाली तरफांची पलटण, आणि पावसाळी हवेत सगळंच उतरतं. पट्टी बदलली की पुन्हा खुंट्या पिळा. गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीला हे परवडणारं नव्हतं. पेटीचा सूर जिथल्या तिथे तयार. शिवाय नव्या पोराला गाताना सूर सापडेना, तर पेटीवाला त्याला हळूच बोट दाखवून देई.

पेटीला मान मिळवून दिला तो गोविंदराव टेंबे यांनी. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसणारा हा कोल्हापूरकडचा माणूस. १९११ साली ‘मानापमान’च्या चाली त्यांनी बांधल्या आणि पेटीवाल्याच्या हातून अख्ख्या नाटकाचं संगीत होऊ शकतं हे दाखवून दिलं. दोन वर्षांनी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे तिथे फार काळ रमले नाहीत. पण याच कंपनीत पुढे ती तिकडी जमली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

रंगमंचासमोर पेटीच्या जागी ऑर्गन. हार्मोनियमचा भाता हवा सुरांतून बाहेर ढकलतो, या ऑर्गनचा ती आत ओढतो, म्हणून त्याचा आवाज मऊ आणि गोल. भाता पायाने, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. त्यावर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, आणि तबल्यावर मुरादाबादचे, मुनीर खाँसाहेबांचे शागीर्द अहमदजान थिरकवा. बालगंधर्वांचा हात खर्चाला सैल, हे सर्वांना माहीत आहे. शालू, दागिने, अत्तरं यांच्या कथा आपण चवीने सांगतो. त्या उधळपट्टीतला सगळ्यात शहाणा खर्च साथीदारांवरचा होता, असं माझं मत. ऑर्गन सूर धरून ठेवी. त्याला न जमणाऱ्या दोन सुरांमधल्या जागा सारंगी भरून काढी. आणि थिरकवांचा ठेका या दोघांच्या खाली असा चाले की गाणाऱ्याने लयीशी कितीही लडिवाळपणा करावा, सम चुकायची नाही.

युरोपात अशाच तिकडीला पियानो ट्रिओ म्हणतात: पियानो, व्हायोलिन, चेलो. गंमत अशी, की तिथे सुरुवातीला पियानो मालक होता आणि बाकीचे दोघे चाकर. हायडनच्या काळी या रचना ‘व्हायोलिन आणि चेलोच्या साथीने पियानोसाठी’ म्हणून छापत. चेलो बिचारा बरेचदा पियानोच्या डाव्या हाताचीच री ओढायचा. १७९५ साली बीथोव्हनने ‘ओपस १’, म्हणजे आपली पहिली क्रमांकित कृती, म्हणून तीन ट्रिओ काढले आणि तिघे बरोबरीला आले. मग अशा तिकड्यांना स्वतःची कारकीर्द मिळाली. त्यातली ‘बो आर्ट्स ट्रिओ’ १९५५ ते २००८ इतकी टिकली. व्हायोलिन-चेलोवाले बदलत गेले, पियानोवर मात्र शेवटपर्यंत मेनाहेम प्रेसलर.

आपल्या तिकडीला हे भाग्य नव्हतं. मधोमध गाणारा होता, तोवर तीही होती. बोलपट आले, कर्ज वाढलं, १९३४ साली कंपनी बंद पडली. बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त गेले. थिरकवा रामपूर दरबारी गेले, पुढे लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात शिकवत राहिले आणि तिथेच १९७६ साली वारले. या तिघांनी गाणाऱ्याला वगळून आपला म्हणून कार्यक्रम करावा, ही कल्पनाच आपल्या संगीतव्यवहारात बसत नव्हती. साथीला बसणं म्हणजे मागे बसणं.

खेड्यात पोचलं ते या तिकडीतलं एकच वाद्य, तेही ऑर्गन नव्हे तर त्याच्या भावकीतली पेटी. नाटकाच्या चालींवर भजनं बांधली जाऊ लागली, ‘कान्होपात्रा’ नाटकातले अभंग तबकडीवरून घरोघरी गेले, आणि त्या चाली बसवायला पेटीच हवी झाली. तबल्याच्या जागी मृदंग आधीपासून होताच. सारंगी मात्र वऱ्हाडातल्या भजनी मंडळांत रुजलीच नाही. ती शिकायला उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राहावं लागतं आणि शेतीवाडी सांभाळून ते कुणाला जमणार? १९४० साली रेडिओने पेटीला बंदी केली, का तर तिचे सूर ठोकळेबाज, श्रुती नाहीत, मींड नाही. ही बंदी तीसेक वर्षं चालली. आक्षेप खोटा नव्हता. पण सप्ताहातल्या पेटीवाल्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही भाता थांबवला नाही. मींडेची कसर टाळकऱ्यांचे वीस-पंचवीस गळे भरून काढतात. एवढ्या गजरात ती कुणाला ऐकू येते, हाही प्रश्न आहेच.

आता कुठे कुठे मांडवात विजेवरचा कीबोर्डही दिसतो. महाराजांची पट्टी काळी दोन असो की पांढरी पाच, बटण दाबलं की काम झालं. मृदंगवाल्याला मात्र अजून कणीक मळूनच आणावी लागते.