दानयाचनेचीं पत्रें

जुन्या दप्तरांतून दानपत्रें पुष्कळ मिळतात; दान मागण्याचीं पत्रें त्या मानानें फार थोडीं. देवस्थानांच्या व वैदिक घराण्यांच्या रुमालांत इनामांच्या सनदा, वर्षासनांचीं आज्ञापत्रें आणि मोकदमांस गेलेल्या ताकिदींच्या नकला जपून ठेविलेल्या असतात. परंतु ज्या विनंतीमुळें हे कागद निघाले, ती विनंती कोठें गेली, असें सहसा कोणी विचारीत नाहीं.

कारण उघड आहे. याचनेचें पत्र दात्याच्या दप्तरीं जातें व सनद याचकाच्या घरीं येते. पुढें इ. स. १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांत इनामांची चौकशी चालली, तेव्हां इनामदारांस भोगवट्याचा पुरावा दाखवावा लागला. त्या कामीं सनदेस मोल होतें, विनंतीच्या खर्ड्यास नव्हतें. म्हणून सनद पेटींत राहिली व खर्डा रद्दींत गेला.

तथापि विनंती अगदींच नष्ट झाली असें नाहीं. अमक्यानें हुजूर येऊन अमुक विदित केलें, असा मजकूर मराठी सनदेच्या आरंभीं बहुधा असतो; मग तें मनास आणून दिलेल्या दानाचा तपशील येतो. हा आरंभीचा मजकूर म्हणजे याचनेचा सारांशच होय. मात्र तो कारकुनाच्या ठराविक शब्दांत उतरलेला असतो; त्यावरून याचकाची खरी स्थिति ठरविणें धाडसाचें होईल.

याचक व दाते यांचा प्रत्यक्ष पत्रव्यवहार पाहावयाचा तर ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांच्या पत्रांकडे वळावें. स्वामींनीं कोंकणांत भिक्षा मागून चिपळूणजवळील श्रीपरशुरामाचें देवस्थान ऊर्जितावस्थेस आणिलें. त्यांच्या दात्यांत शाहू महाराज व कान्होजी आंग्रे यांच्याप्रमाणें जंजिऱ्याचा सिद्दी याकूदखानही होता. याचना धर्मभेद ओलांडून जात असे, याचें हें ठळक उदाहरण. पुढें इ. स. १७२७ त सिद्दी सातानें हेंच देवस्थान उध्वस्त केलें. स्वामी घाटावर येऊन साताऱ्याजवळ धावडशीस राहिले व १७४५ त तेथेंच समाधिस्थ झाले.

या पत्रव्यवहारांत मायना फार बोलका आहे. सामान्य याचक 'विज्ञापना' करितो. येथें उलट, मागणारे स्वामी आशीर्वाद लिहितात व देणारे बाजीराव, चिमाजीआप्पा 'सेवेसी' लिहून चरणीं मस्तक ठेवितात. मागणारा वर व देणारा खालीं, अशा पत्रांतील मागणी आज्ञेसारखी उतरते. शिवाय स्वामी केवळ भिक्षा घेत नसत. मोहिमांच्या खर्चासाठीं बाजीरावांस कर्जही देत. तेव्हां एकाच पुडक्यांत दानाचे व देण्याघेण्याचे कागद मिसळलेले आढळतात. पारसनिसांनीं स्वामींस राष्ट्रगुरूच्या पदवीस नेलें, तर राजवाड्यांनीं 'साधनां'च्या तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेंत त्यावर कठोर टीका केली. आमच्या मतें, कोणतें पत्र भिक्षेचें, कोणतें ऋणाचें व कोणतें केवळ शिफारशीचें, हें प्रत्येक पत्रापुरतें ठरविल्यावांचून या वादाचा निकाल लागणार नाहीं. एकंदर पुडक्यावरून केलेलें विधान, स्तुतीचें असो वा निंदेचें, दोन्हीं पक्षीं सारखेंच कच्चें.

मागणीचे प्रकारही वेगळाले समजून घ्यावे. एकवारची देणगी खजिन्यांतून जाते. वर्षासन दरसाल महालावर बसतें. इनामांत गांवचा वसूलच तोडून दिला जातो. आणि जकातमाफींत दात्याच्या हातचें रोकड कांहींच जात नाहीं, फक्त येणें बुडतें. खजिना रिकामा असतां राजे माफी व इनाम कां देत, याचा उलगडा यांतून होतो.

संग्राहकांस आमची इतकीच विनंती कीं, विनंतिपत्र हातीं आल्यास त्याची पाठ अवश्य पाहावी. पत्र पोंचल्याची 'पैवस्ती' तेथें चंद्रासह नोंदलेली असते. ती व सनदेची मिती ताडून पाहिली असतां याचना मान्य होण्यास किती काळ लागला हें कळतें. आणि मधल्या काळांत कोणाच्या शिफारशी गेल्या, याचाही शोध लागण्याचा संभव असतो. सनदेनें दात्याचें औदार्य कळतें. त्या औदार्यापर्यंत पोंचण्यास याचकास काय करावें लागलें, तें या मळकट कागदांवांचून कळावयाचें नाहीं. ते रद्दींत जाऊं देऊं नयेत.