तबकडीवरचे सूर आणि तबकडीबाहेरचे

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात १९०२ या वर्षाला जे स्थान आहे ते अन्य कोणत्याही वर्षाला नाही, असे आमचे मत आहे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग नावाचा, अद्याप तिशीही न गाठलेला अमेरिकन तंत्रज्ञ इटलीत होता. मिलानच्या एका हॉटेलच्या खोलीत त्याने एन्रिको करुझो या तरुण गायकाची दहा गाणी मुद्रित केली. गायकाने शंभर पौंड मागितले होते आणि ही रक्कम अवाजवी आहे, मुद्रण करू नये, अशी लंडनहून तार आली होती. गाइसबर्गने ती मानली नाही. त्याच महिन्यात तो आणि त्याचे सहकारी आपले यंत्र घेऊन व्हॅटिकनमध्ये गेले आणि सिस्टिन गायकवृंदातील आलेस्सांद्रो मोरेस्की यांचा आवाज त्यांनी मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतला. पुढे नोव्हेंबरात हाच गाइसबर्ग कोलकात्याच्या हॉटेलात गौहर जान यांच्यासमोर कर्णा मांडून बसला होता. मिलान, रोम आणि कोलकाता ही तिन्ही शहरे आठ महिन्यांच्या आत एकाच माणसाच्या कर्ण्यात सामावली.

आम्ही संगीतज्ञ नव्हे. सेमिनरीत पेटीवर बोटे ठेवायला शिकलो आणि भंडारा जिल्ह्यासारख्या भाताच्या मुलखात कामाला लागलो, एवढीच आमची पात्रता. परंतु ऐकण्याचे व्यसन जुने आहे. आमच्या लहानपणी नागपूरचे आकाशवाणी केंद्र (ते १९४८ साली सुरू झाले) हाच मोठा आधार होता. मग तबकड्या आल्या, कॅसेटी आल्या, आणि आता तर खिशातल्या यंत्रात सारे जग गाते. या दीर्घ ऐकण्यातून जी मते बनली ती येथे मांडतो. वाचकांनी ती एका श्रोत्याची मते म्हणूनच वाचावीत.

प्रथम मोरेस्की यांच्याविषयी, कारण हा विषय आपल्या लोकांना अवघड वाटतो. आवाज फुटण्यापूर्वी मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांचा उंच स्वर कायम राखण्याची जी क्रूर प्रथा युरोपात होती, तिचे हे शेवटचे प्रतिनिधी. त्या परंपरेतील एकाच गायकाचा एकल आवाज आज उपलब्ध आहे आणि तो यांचा. ऐकताना प्रथम हसू येते. स्वर थरथरतो, मध्येच हुंदक्यासारखा उचंबळतो. तिसऱ्यांदा ऐकताना हसू पार मावळते. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले त्यात उंच पट्टीचे भाग मुलांनी गावेत असे स्पष्ट म्हटले, आणि या प्रथेवर पडदा पडला. ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे हे पान तबकडीमुळे ऐकू येते. कागदावरचे पान डोळ्यांआड करता येते. या आवाजाच्या बाबतीत ते जमत नाही. म्हणून कलेच्या कसोटीवर थोर नसली तरी ही मुद्रिका आम्ही जतन करण्याजोग्या पहिल्या पाचांत धरतो.

गौहर जान यांची गोष्ट वेगळी. आर्मेनियन वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेली अँजेलिना योवर्ड ही मुलगी, आईने इस्लाम स्वीकारल्यावर गौहर जान झाली. तासभर रंगणारा ख्याल वा ठुमरी तीन मिनिटांत कशी बसवायची, हा प्रश्न हिंदुस्थानात प्रथम या बाईंनी सोडवला. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारतात. हा गर्व नव्हे. तबकड्या त्या काळी जर्मनीत हॅनोव्हरला ठशावरून निघत. कोणाचे गाणे कोणते हे तेथील कारागिराला कळावे म्हणून नाव सांगण्याची रीत पडली होती. पुढे १९०८ साली कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला.

तीन मिनिटांच्या या चौकटीने आपल्या संगीताचे नुकसान केले, असे म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांस ते अर्धेच पटते. बालगंधर्वांचे नुकसान झाले, यात शंका नाही. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत फुलत जाणारे पद तबकडीवर घाईने आवरते घेतल्यासारखे वाटते. उलट अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी पाहा. तिच्यात काही कमी आहे असे कधी वाटत नाही. बालपणी ही तबकडी कानी पडल्यामुळेच भीमसेन जोशी यांना गाण्याचा ध्यास लागला आणि ते घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तीन मिनिटांत एवढे सामर्थ्य असेल तर लांबीविषयी तक्रार कशाला करावी?

याच छोट्या तबकडीच्या कुळातले एक गाणे आज सर्वांत दूर पोहोचले आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघाले आणि केसरबाई १६ सप्टेंबरला निवर्तल्या. त्याच तबकडीवर बाखची एक पियानोरचना आहे. वादक कॅनडाचे ग्लेन गूल्ड.

गूल्ड यांचे नाव आले म्हणून दीर्घ तबकडीकडे वळतो. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे वाजणारी ही तबकडी १९४८ साली अमेरिकेत निघाली आणि 'अल्बम' ही कल्पना खऱ्या अर्थाने रुजली. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर प्रेस्बिटेरियन पंथीयांचे एक जुने प्रार्थनामंदिर होते. कोलंबिया कंपनीने त्याचे ध्वनिमुद्रणगृह केले. उंच छताखाली स्वर घुमत असे तो उपासनेसाठी बांधलेल्या भिंतींमुळे. गूल्ड यांनी १९५५ साली येथे बाखचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' वाजवले आणि १९५९ साली येथेच माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू' हा जॅझचा अल्बम मुद्रित झाला. पुढे १९८१ साली गूल्ड यांनी त्याच वास्तूत तीच रचना पुन्हा वाजवली. पहिली अडतीस मिनिटांची, दुसरी एक्कावन्न. पुढच्याच वर्षी ते वारले. जाणकार पहिलीला डोक्यावर घेतात. आमचे मत दुसरीच्या बाजूने आहे. पहिलीत पंचविशीच्या पाटलागाची धाप आहे, दुसरीत थांबता येणारा माणूस आहे. 'काइंड ऑफ ब्लू'विषयी इतकेच म्हणतो, की रागाची सवय असलेल्या कानाला तो परका वाटत नाही. एकेका स्वरसप्तकात निवांत फिरण्याची ती रीत आपल्या आलापीची दूरची बहीण आहे.

जॅझमधील जॉन कोल्ट्रेन यांचा 'अ लव्ह सुप्रीम' (१९६५) मात्र आम्ही त्याहूनही वर ठेवतो. त्याचा शेवटचा भाग म्हणजे कोल्ट्रेन यांनी स्वतः लिहिलेली प्रार्थना आहे. ती ते शब्दांनी म्हणत नाहीत. सॅक्सोफोनवर अक्षरागणिक वाजवतात. जपमाळेचे मणी ओढणाऱ्यास हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. बीटल्स मंडळींचा १९६७ चा बहुचर्चित अल्बम आम्ही चारदा ऐकला. चतुराई पुष्कळ आहे. असो.

आपल्याकडे दीर्घ तबकडीने सर्वांत मोठे दान दिले ते अमीर खाँ यांचे. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. १९६० च्या सुमारास आलेली ही एक तबकडी सोडून बाकी सर्व द्या असे कोणी म्हटले, तर आम्ही फार वेळ विचार करणार नाही. 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) ही त्या मानाने हलकी. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रंगवतात. पंडित मंडळी नाक मुरडतात. पण ज्या घरांत कधी राग वाजला नव्हता तेथे अहीर भैरव नेला तो याच तबकडीने. तिच्यामागे ग. ना. जोशी होते, हे विदर्भात तरी विसरले जाऊ नये. वकिलीची पदवी घेतलेला हा विदर्भाचा गायक. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ'ला त्यांनीच घरोघरी पोहोचवले आणि पुढे एचएमव्ही कंपनीत राहून अनेक थोरांना मुद्रणास राजी केले.

'गीतरामायणा'बद्दल आमचे मत लोकांना रुचत नाही. पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर छप्पन्न गीते प्रसारित झाली, तेव्हा पात्रागणिक वेगवेगळे गायक होते. लता मंगेशकर, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे हे त्यांतलेच. तबकड्यांवर सर्व गीते सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजात आली. बाबूजींच्या गाण्याविषयी आदर ठेवूनही म्हणावेसे वाटते, की तबकडी घरोघरी गेली आणि पहिले अनेकमुखी रामायण लोकांच्या कानांतून पुसले गेले. मुद्रण एक आवाज राखते तेव्हा दुसरा कोणता तरी झाकतेही.

पवित्र संगीताच्या तबकड्यांतही हेच दिसते. स्पेनमधील सिलोस मठाच्या बेनेडिक्टाइन संन्याशांचा 'चँट' हा अल्बम १९९४ साली अमेरिकेच्या विक्रीयादीत तिसऱ्या क्रमांकावर गेला. मुद्रण जुनेच होते. वेष्टन नवे, आणि मनःशांतीचे औषध म्हणून ते विकले गेले. गाणे शुद्ध आहे. पण स्तोत्राला झोपेची गोळी करावी हे आम्हांस रुचत नाही. १९३० साली फ्रान्समधील सोलेम मठात झालेले मुद्रण खरखरते आहे, तरी तेथे माणसे प्रार्थना करीत आहेत हे जाणवते. आणि या दोहोंपेक्षा आम्हांस जवळची वाटते ती 'मिस्सा लुबा'. १९५८ साली बेल्जियन काँगोतील कामिना येथे फादर गुइडो हाझेन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या गायकवृंदाने लॅटिन मिस्सा आपल्या देशी चालींत, ढोलाच्या ठेक्यावर गायिली. चाली बऱ्याच अंशी गाणाऱ्यांनी गातागाताच रचल्या. धर्मप्रसाराच्या प्रदेशांतील लोकसंगीताला उपासनेत योग्य मान द्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी सांगितले. या लोकांनी ते पाच वर्षे आधीच गाऊन दाखवले होते.

हे ऐकताना आम्हांस दर वेळी आपली झाडीपट्टी आठवते आणि वरील सर्व मतांना एक मोठी मर्यादा आहे हे ध्यानी येते. आम्ही 'अभिजात' म्हणून जे निवडले ते जेथे कर्णा पोहोचला त्यातूनच निवडले. वैनगंगेच्या काठी कोणी गाइसबर्ग आला नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर चालणारी दंडार आणि खडी गंमत, महादेवाच्या यात्रेची गाणी, चिखलात वाकलेल्या बायांची रोवणीची गाणी यांची एकही जुनी तबकडी आमच्या पाहण्यात आली नाही. ती वाईट होती म्हणून नव्हे. ती विकत घेणारे कोणी असेल असे कंपनीला वाटले नसावे, आणि आपल्यालाही ती जपावी असे वाटले नाही. कॅसेट आली तेव्हा प्रथम हे काम स्वस्त झाले. मंडईतल्या दुकानांत स्थानिक मंडळींच्या कॅसेटी आम्ही पाहिल्या आहेत, काही घेतल्याही. त्यांतल्या दोन आता फिरत नाहीत, फीत चिकटली आहे.

रोवणी आता पुष्कळ ठिकाणी गुत्त्याने होते. हात झपाट्याने चालतात आणि गाण्याला उसंत नसते. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध बाईंनी मागील पावसाळ्यात आम्हांस एक गाणे म्हणून दाखवले ते अकरा मिनिटांचे होते. बांधीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला तेवढाच वेळ लागे, असे त्या म्हणाल्या. तीन मिनिटांची तबकडी आणि पंचवीस मिनिटांची दीर्घ तबकडी यांच्याविषयी आम्ही एवढे लिहिले. बांधीच्या लांबीने मोजलेले गाणे प्रथमच ऐकले.

साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसर या भागांतील वाचकांच्या घरी मंडईच्या वा भजनी मंडळांच्या जुन्या कॅसेटी असतील तर त्या ओलीच्या भिंतीजवळ ठेवू नयेत आणि न तपासता वाजवूही नयेत. जाणत्या माणसाकडून त्या उतरवून घ्याव्यात. घरात गाणारे कोणी असेल तर मोबाइल यंत्रावर पूर्ण गाणे घ्यावे, मध्येच तोडू नये. आणि शेवटी गाणाऱ्याला आपले नाव व गाव सांगायला लावावे, गौहर जान सांगत तसे.