मापाचा शिक्का कसा झाला

मराठी वर्णमालेतील 'ढ' या अक्षरावर शाळेने मोठा अन्याय केला आहे. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची रूपे पार पालटली. ढ मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहिला. म्हणून ज्या विद्यार्थ्यात वर्षानुवर्षे काही फरक पडत नाही त्यास 'ढ' म्हणू लागले, अशी उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, असे नाव एकदा चिकटले म्हणजे मुलाने बदलावे ही अपेक्षाच संपते, एवढे मर्म तीत आहे. तथापि गुरुजींच्या तोंडचा हा शब्द बहुधा वर्गाच्या चार भिंतींत राहत असे. वर्ग पालटला, गुरुजी पालटले, म्हणजे पुसलाही जाई. विसाव्या शतकात अशा नावांना आकड्याचे, दप्तराचे आणि पुढे कायद्याचेही बळ मिळाले. हा इतिहास विचार करण्याजोगा आहे; कारण त्याचा आरंभ मुलांवरील अन्याय टाळण्याच्या हेतूनेच झाला होता.

फ्रान्समध्ये १८८२ साली सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले. तोपर्यंत ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते अशी मुले वर्गात येऊ लागली. काही मागे पडत, काही दंगा करीत, काही नुसती गप्प बसत. यांपैकी खरोखर निराळ्या शिक्षणाची गरज कोणास आहे, हे ठरविण्यास शिक्षकाच्या मताखेरीज दुसरे साधन नव्हते. आणि नकोशा झालेल्या मुलास 'मंद' म्हणून वर्गाबाहेर काढणे सोपे होते. १९०४ साली सरकारने या प्रश्नासाठी एक समिती नेमली. तीत आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ होते. पुढल्याच वर्षी त्यांनी तेओदोर सिमाँ या डॉक्टरांच्या साहाय्याने तीस प्रश्नांची एक मालिका सिद्ध केली. मुलाने ऐकलेले आकडे पुन्हा म्हणावेत, दोन वजनांतील जड कोणते ते सांगावे, माशी आणि फुलपाखरू यांतील भेद सांगावा, अशा प्रकारचे ते प्रश्न होते. १९०८ साली हे प्रश्न वयानुसार लाविले गेले आणि मुलाची बौद्धिक पातळी वर्षांत सांगता येऊ लागली.

या मापाविषयी बिने यांची भूमिका स्पष्ट होती. मूल आज कोठे उभे आहे एवढेच ते सांगते; ते जन्मतः कसे आहे किंवा उद्या कोठे जाईल हे सांगत नाही. बुद्धी ही ठरावीक राशी आहे, ती वाढविता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी १९०९ सालच्या आपल्या ग्रंथात कडक उत्तर दिले. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाच्या व्यायामाचे पाठही योजिले होते. खूण होताच पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा खेळ त्यांत असे. हेतू असा की, ज्यास क्षणभर स्थिर बसता येत नाही त्यास प्रथम अवधान शिकवावे, विषय मागाहून. त्याच वर्षी फ्रान्समध्ये अशा मुलांसाठी स्वतंत्र वर्ग काढण्याचा कायदा झाला. सारांश, बिने यांच्या हाती माप आणि उपचार ही जोडीने होती. १९११ साली वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ते निवर्तले.

ही जोडी अटलांटिक महासागर ओलांडताना फुटली. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेत काम करणारे हेन्री गॉडर्ड यांनी बिने यांची चाचणी अमेरिकेत नेली आणि १९१० साली तिच्या आधाराने वर्गवारी केली. ज्या प्रौढाची बौद्धिक पातळी दोन वर्षांच्या मुलापर्यंतच असेल तो 'इडियट', तीन ते सात वर्षांची असेल तो 'इंबेसाइल', आणि आठ ते बारा वर्षांची असेल त्याकरिता मूर्ख या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नवा शब्द घडविला, 'मोरॉन'. हे शब्द आज केवळ शिव्या म्हणून उरले आहेत. त्या काळी ते शास्त्रीय संज्ञा म्हणून अहवालांत लिहिले जात. १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम श्टर्न यांनी बौद्धिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली. १९१६ साली स्टॅनफर्डचे लुईस टर्मन यांनी त्या भागाकारास शंभराने गुणिले, आणि बुद्ध्यंक रूढ झाला. दहा वर्षांच्या मुलाची पातळी आठ वर्षांची भरली, तर त्याचा बुद्ध्यंक ऐंशी. आकडा सुटसुटीत होता आणि हाच त्याचा धोका होता. 'हे मूल अमुक प्रश्न सोडवू शकले नाही' या वाक्याला 'मग त्यास काय शिकवावे?' असा पुढचा प्रश्न आपोआप जडतो. 'हे मूल ऐंशीचे आहे' या वाक्यापुढे पूर्णविराम पडतो. त्यातच गॉडर्ड व टर्मन हे दोघेही बुद्धी मुख्यत्वे आनुवंशिक असते असे मानणारे होते.

हा पूर्णविराम कोठवर गेला, हे व्हर्जिनिया राज्यातील एका कुटुंबाच्या कथेवरून कळते. केरी बक या सतरा वर्षांच्या मुलीला १९२४ साली मंदबुद्धी ठरवून संस्थेत ठेविले गेले. तिची आई तेथे आधीच होती. चाचणीत केरीचे बौद्धिक वय नऊ भरले. तिच्या काही महिन्यांच्या मुलीकडे, व्हिव्हियनकडे, पाहून एका समाजसेविकेने ही मुलगी काहीशी वेगळी दिसते अशी साक्ष दिली. एवढ्या आधारावर तीन पिढ्या मंदबुद्धीच्या ठरल्या, आणि २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केरीला सक्तीने वंध्य करण्यास आठ विरुद्ध एक मतांनी मान्यता दिली. पुढे संशोधकांनी जुनी दप्तरे उघडली, तेव्हा निराळीच हकीकत बाहेर आली. केरी शाळेत वर्षानुवर्षे उत्तीर्ण होत आली होती. तिला पाळणाऱ्या कुटुंबानेच तिची शाळा सोडविली होती. ती माता झाली होती ती तिच्यावर झालेल्या अत्याचारामुळे. आणि व्हिव्हियन? एप्रिल १९३१ मध्ये तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत झळकले होते. १९३२ साली, वयाच्या आठव्या वर्षी, ती आजाराने वारली. व्हर्जिनियात आठ हजारांहून अधिक व्यक्तींवर या कायद्याखाली शस्त्रक्रिया झाल्या. राज्याच्या गव्हर्नरांनी त्याबद्दल खेद प्रकट केला तो २००२ साली.

इंग्लंडात शिक्का इतका क्रूर नव्हता, परंतु तो सार्वत्रिक होता. १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांस मोफत झाले, ही मोठीच गोष्ट. पण अकराव्या वर्षीच्या एका परीक्षेवरून मुलांची वाटणी होऊ लागली. थोडी मुले विद्यापीठाकडे नेणाऱ्या 'ग्रामर' शाळेत, आणि बहुसंख्य 'मॉडर्न' शाळेत. दोन्ही शाळा समान मानाच्या, असे सरकार म्हणे; घराघरांत मात्र एकास 'पास' व दुसऱ्यास 'नापास' असेच म्हणत. एखाद्या भागात ग्रामर शाळांच्या जागा किती, यावरही निकाल अवलंबून असे. एका परगण्यात नापास ठरलेले मूल शेजारच्या परगण्यात पास झाले असते. १९६५ साली सरकारने सर्वांसाठी एकच शाळा काढण्याविषयी परिपत्रक धाडले आणि बहुतेक ठिकाणी ही वाटणी बंद झाली.

शिक्का मुलावर काम करतो तो कोणत्या वाटेने, याचा शोध रॉबर्ट रोझेन्थाल व लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत घेतला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुलांची चाचणी घेऊन, सुमारे पाचांपैकी एक मूल लवकरच झपाट्याने पुढे येणार आहे, असे शिक्षकांस सांगण्यात आले. वस्तुतः ही नावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडली होती. वर्षाअखेर पहिल्या व दुसऱ्या इयत्तेतील त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक दिसली. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे बरेच आक्षेप आले, आणि परिणाम वाटला तितका मोठा नसतो असेही दिसले. परंतु शिक्षक ज्याच्याकडून अपेक्षा धरतो त्यास अधिक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी अधिक वेळ थांबतो, हे अनुभवी शिक्षकास कोणी निराळे सांगावयास नको.

महाराष्ट्राशीही या मापाचा संबंध जुना आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी बसविली, आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. परक्या मुलांसाठी केलेले माप येथल्या मुलास जसेच्या तसे लावू नये, हा विवेक त्यात होता. मात्र चाचणी न घेताही शिक्का मारता येतो. गुणानुक्रमे 'अ' पासून 'ड' पर्यंत तुकड्या पाडण्याची चाल अनेक शाळांत होती. 'ड' तुकडीतील मुलास आपली पायरी कोणी समजावून सांगण्याची गरज नसे.

यावरून कोणतेही नाव, कोणतेही माप नकोच, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक होय. ज्याला कमी ऐकू येते, ज्याला अक्षरे ओळखणे जड जाते, त्याची अडचण वेळीच ओळखून तीस नाव दिले नाही, तर त्याला मदत मिळत नाही. उलट आळशी, हट्टी असे दुसरे शिक्के मात्र आयते मिळतात. भेद आहे तो एवढाच की, बिने यांचे माप मुलाच्या गरजेचे वर्णन करी, आणि पुढच्यांनी त्यातून मुलाचेच वर्णन केले. म्हणून ज्या शाळेला एखाद्या मुलाच्या नावापुढे काही नोंद करणे भाग पडेल, तिने नोंदीशेजारी आणखी दोन गोष्टी लिहाव्यात. आजपासून या मुलासाठी काय करावयाचे, आणि ही नोंद पुन्हा कोणत्या तारखेस तपासावयाची. या दोन रकान्यांत लिहिण्याजोगे काही नसेल, तर पहिली नोंदही करू नये.